डोंगरापलीकडचा मुलूख

“म्हणजे बाबा, आपण कुणाच्या पाठीमागे राहतो?”

देसिमिर अजून दारातच उभा होता. अंगावरचा निळा दरबारी झगाही त्यानं उतरवला नव्हता.

प्रोहोरबाबा चुलीपाशी मसूर निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली.

“आलास,” ते म्हणाले. “बूट काढ. ओले दिसतायत.”

“मी काहीतरी विचारलं, बाबा.”

“ऐकलं ना. आधी बूट काढ.”

ही हजार-अकराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा स्लाव लोकांची लहान लहान राज्यं होती. त्यांतल्या एकाचं नाव झाहुमल्ये. त्यांच्या बोलीत ‘झा’ म्हणजे पलीकडे, आणि हुम हा तिथला डोंगर. झाहुमल्ये म्हणजे हुम डोंगरापलीकडचा मुलूख.

राज्य मात्र डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेलं होतं. राजाची गढी समुद्राच्या बाजूला होती. प्रोहोरबाबांचा मठही त्याच बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी.

देसिमिर या मठातच वाढला. साथीत त्याचे आईबाप गेले, तेव्हा त्याला धड चालताही येत नव्हतं. पुढे बाबांनी त्याला अक्षरं शिकवली. मुलगा हुशार निघाला, म्हणून राजानं त्याला शिकायला सम्राटाच्या राजधानीत धाडलं, कॉन्स्टँटिनोपलला. तिथून तो परतला तो ग्रीक बोलत, निळा झगा घालून. आता तो दरबारातला पंडित होता.

मठात मात्र तो फारसा येत नसे.

त्यानं बूट काढले. बाबांनी ते चुलीजवळ ओढून घेतले.

“बोल आता.”

“सम्राटाचे वकील आलेत. परवा मेजवानी होती. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तुमच्या राज्याच्या नावाचा अर्थ काय? राजेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितला.”

“बरोबर केलंस.”

“तो म्हणाला, डोंगरापलीकडचा मुलूख? पण आम्ही तर जहाजातून उतरलो ते थेट इथं आलो. डोंगर काही ओलांडला नाही. मग आम्ही तुमच्या राज्यात पोचलो की अजून पोचायचंय?”

बाबांना हसू आलं.

“हसू नका, बाबा. तिथंही सगळे असेच हसले. राजेसाहेब लालबुंद झाले. मान खाली घालून बसावं लागलं मला.”

बाबांनी हसू आवरलं.

“एवढंच?” त्यांनी हळूच विचारलं.

देसिमिर चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे सारत राहिला.

“तिथं शिकत होतो तेव्हा…” तो म्हणाला. “तिथं माझं नाव कुणी घेत नसे. पलीकडचा म्हणायचे मला. ए पलीकडच्या, शाई आण. ए पलीकडच्या, दार लाव. व्याकरणात मी सगळ्यांच्या पुढे होतो. तरी पलीकडचाच.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं त्यात…”

बाबांनी मसुराची परात बाजूला ठेवली.

“मग आता काय ठरवलंयस?”

देसिमिर सावरून बसला. त्याचा आवाज बदलला. दरबारात बोलावं तसा तो बोलू लागला.

“फार पूर्वी झाहुम नावाचा एक वीर होऊन गेला. उत्तरेकडून आला, पांढऱ्या घोड्यावर बसून. त्यानं हा मुलूख जिंकला. झाहुमचं राज्य, म्हणून झाहुमल्ये.”

“होऊन गेला?”

“…गेला असेल.”

“उंच होता का?”

“चांगलाच उंच. खांदे असे रुंद.”

“आणि हे तुला कुठं कळलं?”

देसिमिरनं मान वळवली. “राजेसाहेबांना आवडलाय. वसंताच्या सणाला सगळं खोरं तुमच्याकडे येतं. तुम्ही प्रार्थनेनंतर लोकांना त्याची गोष्ट सांगायची. माझं कुणी मनावर घेणार नाही. तुमचं घेतील. एकदा तुमच्या तोंडून ऐकलं की नातवंडांना सांगतील. मग कोण हसतंय!”

उठता उठता बाबांनी भिंतीला हात टेकला. फडताळातून भाकऱ्या काढल्या, फडक्यात बांधल्या.

“चल, खिंडीपर्यंत जाऊन येऊ.”

“आत्ता? बाबा, मी काय विचारतोय…”

“नेदा आहे वर. सकाळपासून काही खाल्लं नसेल तिनं. बूट वाळलेत बघ तुझे.”

नेदा खालच्या वाडीतली विधवा. तिची एकुलती एक मुलगी यागोदा डोंगराच्या दुसऱ्या अंगाला दिलेली. पहिलं मूल यागोदाच्या पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस भरत आले होते. तिकडून आलेला एक धनगर सांगून गेला की पोरीला वेळेआधीच कळा सुरू झाल्यात. त्यानंतर पलीकडच्या उतारावर बर्फ पडलं, आणि तिकडून कुणी आलंच नाही.

नेदाचा एक पाय लहानपणापासून अधू. ती कशीबशी खिंडीपर्यंत चढायची. पलीकडे उतरणं तिला शक्य नव्हतं. म्हणून ती वरच, धनगरांच्या दगडी खोपीत येऊन राहिली होती.

वाटेत बाबांनी देसिमिरच्या दंडाचा आधार घेतला. त्यांचा हात किती हलका झालाय, हे देसिमिरला तेव्हा जाणवलं. तो आपली चाल कमी करत गेला. वीर झाहुमबद्दल आणखी बरंच बोलायचं होतं त्याला. पण बाबांना दम लागत होता, म्हणून तोही बोलला नाही.

खिंडीत कोरडा, बोचरा वारा सुटला होता.

नेदा खोपीबाहेर उभी होती. पलीकडे तोंड करून. पावलं वाजली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

“नेदा,” बाबांनी हाक मारली. “भाकरी आणलीय.”

“ठेवा, बाबा.”

“हा देसिमिर. आठवतो ना? त्यानं एक नवी गोष्ट आणलीय.”

देसिमिरनं चमकून बाबांकडे पाहिलं. बाबा दगडावर बसून गुडघे चोळत होते.

नेदा वळली. तिचे डोळे वाऱ्यानं लाल झाले होते. “सांग की, भाऊ. तेवढाच जीव रमेल.”

त्याला सांगावीच लागली. सुरुवातीला तो अडखळला. मग जमलं. उत्तरेकडचं रान आलं, पांढरा घोडा आला, लढाई आली. सांगता सांगता त्याचा त्यालाच झाहुम दिसू लागला.

नेदा मन लावून ऐकत होती.

“चांगला होता का तो?” तिनं मधेच विचारलं.

“शूर होता.”

“तसं नाही रे. मनानं.”

“हो… मनानंही फार चांगला.”

“बायाबापड्यांचं ऐकायचा?”

“…ऐकायचा.”

“आणि तो सगळा मुलूख त्याचाच? ते तिथलं सगळं?” तिनं पलीकडच्या बर्फाकडे हात केला.

“त्याचाच.”

नेदानं फडकं सोडलं. एक भाकरी घेतली, मोडली आणि अर्धी उंच दगडावर नीट ठेवली. मग अधू पाय हातानं दुमडून ती गुडघ्यांवर बसली.

“झाहुमबाबा,” ती म्हणाली, “तू तिथला धनी. माझी यागोदा तुझ्या मुलखात आहे. नदीकाठचं घर, दाराशी तुतीचं झाड. माझ्याच्यानं तिथवर येववत नाही. तू जा. पहिलं गेलं, ते गेलं. हे राहू दे. आणि एकच काहीतरी ठेवणार असशील, तर… पोरीला ठेव.”

मग ती थांबली. देसिमिरकडे वळून तिनं हलक्या आवाजात विचारलं, “भाऊ, त्याला कुठं पुरलंय? तोंड नेमकं कुठं करू?”

देसिमिरनं बाबांकडे पाहिलं.

बाबा बर्फाकडे पाहत होते.

“सांग ना, भाऊ. चुकीच्या बाजूला नको बोलायला.”

वारा खोपीच्या दगडांतून शीळ घालत होता. दगडावरची अर्धी भाकरी घसरली. नेदानं ती उचलली, पुसली, परत ठेवली.

“उठा, ताई,” देसिमिर म्हणाला.

“का रे?”

“तो… नव्हता.”

“कोण?”

“झाहुम. कुणी नव्हता. मी रचला त्याला.”

नेदा तशीच बसून राहिली. रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता.

“मग आत्ता मी हे कुणाला सांगितलं?”

ग्रीक येत होतं, लॅटिन येत होतं. इथं दोन्ही कामाचं नव्हतं.

देसिमिर तिच्या समोर खाली बसला.

“मला सांगितलंत,” तो म्हणाला. “नदीकाठचं घर, दाराशी तुतीचं झाड. मी जातो.”

नेदा त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

बाबा एवढंच म्हणाले, “झगा काढून ठेव. काट्यांत अडकेल.”

नेदानं अंगावरची घोंगडी उतरवून त्याच्या खांद्यावर टाकली. नको म्हणाला तर ऐकेना. खोपीतून एक पुरचुंडी आणली. तिच्यात सुके अंजीर होते आणि लोकरीचं एक टोपडं. टोपडं इतकं लहान की ते देसिमिरच्या मुठीत मावलं.

तो उतरू लागला.

उतार दिसत होता त्यापेक्षा वाईट निघाला. वरचं बर्फ कडक आणि खाली पोकळ. पाय आत जायचा आणि खालच्या झुडपात अडकायचा. एकदा तो घसरला तो बराच खाली जाऊन थांबला. तळहात सोलले. पुरचुंडी छातीशी धरलेली होती, ती तशीच होती.

तो तसाच पडून राहिला थोडा वेळ. आपण कुणाला तोंडावर वचन दिलंय याची आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भीती वाटली. तिथं जाऊन काय दिसेल… आणि जे दिसेल ते परत येऊन तिला सांगायचं कसं.

मग तो उठला.

उन्हं कलली तेव्हा नदी दिसली. आणि एक घर, निष्पर्ण तुतीचं झाड असलेलं.

दार एका धिप्पाड म्हातारीनं उघडलं. ती यागोदाची सासू, दोब्रावा. घोंगडी पांघरलेला, हात सोललेला, थरथरणारा माणूस पाहून तिनं कपाळाला हात लावला.

“अरे देवा! कुठून आलास रे, बाबा?”

“यागोदा…” तो म्हणाला. “यागोदा आहे का?”

“आहे म्हणजे? जाईल कुठं? आत ये. दार लाव, वारा येतोय. बाळ आहे घरात.”

देसिमिर उंबऱ्यावरच बसला. दोब्रावानंच त्याला काखेत हात घालून आत ओढलं.

यागोदा चुलीजवळ अंथरुणावर टेकून बसली होती. चेहरा कागदासारखा पांढरा. पण ती हसत होती. तिच्या छातीशी एक लालसर, सुरकुतलेलं गाठोडं होतं.

“मुलगी,” दोब्रावा म्हणाली. “दोघींनी फार घाबरवलं. पण आता ठीक आहेत.”

देसिमिरनं टोपडं पुढे केलं. यागोदानं ते पाहिलं, नाकाशी नेलं आणि तिला रडू फुटलं.

“आईनं पाठवलं? आई कशी आहे? पाय दुखतो का तिचा? वर चढली नाही ना ती?”

“चढली. खिंडीत आहे.”

“वेडी आहे ती,” यागोदा रडत रडत म्हणाली. “अगदी वेडी आहे.”

दोब्रावानं त्याच्यापुढे गरम कढणाचा वाडगा ठेवला आणि त्याच्या हातांना चरबी चोळू लागली.

“म्हणजे तू झाहुमल्यातून आलास तर.”

देसिमिरला वाटलं, थकव्यानं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“नाही, आजी. झाहुमल्यात आलो. झाहुमल्ये म्हणजे हे.”

“हे?” म्हातारी खळखळून हसली. “हे कसलं झाहुमल्ये? हे आमचं गाव. झाहुमल्ये तिकडं, डोंगरापलीकडे. हिच्या माहेराकडं. लग्न होऊन आली तेव्हा ही पोर रोज अंगणात त्या डोंगराकडं बघत उभी राहायची. शेजारीण विचारायची, हिचं काय हरवलंय? मी सांगायची, काही नाही ग, हिची आई झाहुमल्यात आहे.”

देसिमिरनं वाडगा खाली ठेवला.

“कढण निवेल,” दोब्रावा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा यागोदानं निरोप दिला. “आईला सांगा, नाक तिच्यासारखं आहे.”

चढताना त्यानं आदल्या दिवशीच्याच पाऊलखुणा धरल्या. दुपारी खिंड दिसू लागली. खिंडीत नेदा उभी होती. शेजारी बाबा. ते मठात परतलेच नव्हते.

नेदानं त्याला पाहिलं. पण तिनं हाक मारली नाही. हात हलवला नाही. ती नुसती उभी राहिली, अंग आवळून.

देसिमिरला ते कळलं. अजून बरंच अंतर होतं. दम लागला होता. तरी तो थांबला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जीव खाऊन ओरडला,

“नाक तुमच्यासारखं आहे!”

वाऱ्यानं शब्द पांगवले. पुन्हा ओरडला.

“मुलगी आहे! नाक तुमच्यासारखं!”

नेदा एकदम खाली बसली. दोन्ही हातांनी तिनं आपलंच नाक धरलं. ती हसते आहे की रडते आहे, ते तेवढ्या लांबून दिसत नव्हतं.

देसिमिर वर पोचला तेव्हा तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. मग सोललेले तळहात दिसले, तशी ओरडली मात्र. आणि तिला सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं. दार कुणी उघडलं. यागोदा बसली होती की निजली होती. चुलीत जाळ पुरेसा होता का. टोपडं मोठं झालं की लहान.

त्यानं सगळं सांगितलं. एकही गोष्ट त्याला रचावी लागली नाही.

नंतर नेदा खोपीत जाऊन झोपली. कधीची जागी होती ती. आतून तिचं घोरणं ऐकू येत होतं.

बाबा आणि देसिमिर भिंतीच्या आडोशाला उन्हात बसले. एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला खाली दूरवर समुद्र.

“बाबा.”

“हं.”

“तिकडचे लोक आपल्या बाजूला झाहुमल्ये म्हणतात.”

“म्हणतात.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी तिकडचाच. नदीच्या थोडं वर आमचं गाव.”

“कधी बोलला नाहीत!”

बाबांनी खांदे उडवले.

तळहातावरची चरबी वाळली होती, ती देसिमिर नखानं काढत होता.

“मग खरं झाहुमल्ये कुठलं?”

“तू त्या मोठ्या शहरात होतास ना,” बाबा म्हणाले, “तेव्हा लोक मला विचारायचे. बाबा, तुमचा देसिमिर कुठं असतो? त्या शहराचं नाव माझ्या जिभेला काही वळत नाही. कितीदा म्हणून पाहिलं…”

“मग काय सांगायचात?”

“झाहुमल्यात.” बाबांनी समुद्राकडे बोट केलं. किनाऱ्याच्या, जहाजांच्या, दिसणाऱ्या पाण्याच्याही पलीकडे. त्यांनी ते बराच वेळ तसंच धरलं.

देसिमिरनं त्या बोटाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. मग बाबांच्या खांद्याला डोकं टेकवलं. लहान असताना टेकवायचा, तसं.

ऊन सरकलं. देसिमिर उठला. निळा झगा घडी घालून काखेत धरला, अंगावर घातला नाही.

“राजेसाहेबांना खरं सांगतो. झाहुम नावाचा कुणी नव्हता म्हणून.”

“सांग.”

“ते मला दरबारात ठेवणार नाहीत, बाबा.”

“नाही ठेवणार, बहुतेक.”

“हा मुलूखही सोडावा लागेल कदाचित.”

“लागेल कदाचित.”

“मग कुठं जाऊ मी?”

बाबांनी त्याच्या खांद्यावरची घोंगडी नीट केली. गळ्याशी गाठ मारली.

“जा कुठंही, लेकरा. मी तिकडं बोट करीन.”